मंगोलियाचे खलाशी

२ जून १९९२, मंगळवार

बोट येणार! खरीखुरी! फिनलंडची माणसं भरलेली!

सकाळी दहाला गेनादी ल्वोविच संग्रहालयात आला, टाय लावून. जिल्ह्याच्या सांस्कृतिक कचेरीचा साहेब. गेल्या वर्षापर्यंत मला 'कॉम्रेड झोतोवा' म्हणायचा, आता 'मॅडम' म्हणतो. टाय मात्र तोच आहे. म्हणाला, "मॅडम, वीस तारखेला शनिवारी परदेशी पर्यटकांची बोट आपल्या धक्क्याला एक तास थांबणार. तुमचं वालेंकी संग्रहालय त्यांना आवडलं, तर उन्हाळाभर दर शनिवारी बोट. नाही आवडलं, तर एक जुलैला बूट गोदामात आणि हे घर भाड्याने." कुणाला भाड्याने, तेही सांगून टाकलं बेट्याने. त्याच्या मेहुण्याला. व्हिडिओचं दुकान काढायचंय!

माझे दोनशे बारा बूट! लोकर दाबून दाबून केलेले, आमच्या बेरेझ्नीच्या पाच पिढ्यांनी बर्फात झिजवलेले. ते गोदामात, उंदरांच्या तोंडी! आणि मी काय करायचं? त्या मेहुण्याच्या दुकानात कॅसेटी पुसू?

खरं तर भडकायला हवं होतं. पण मला नाचावंसं वाटत होतं. चोपन्नाव्या वर्षी! कारण फिनलंड म्हणजे... नको. आज नाही लिहीत. आधी डोकं ठिकाणावर येऊ दे.

३ जून

डोकं ठिकाणावर आलेलं नाही. लिहूनच टाकते.

डिसेंबर १९७९, अठ्ठावीस तारीख. आमच्या बूट कारखान्यात फिनलंडच्या कामगारांचं मैत्री-शिष्टमंडळ आलं होतं. कारखान्यातलं जेवण तयार नव्हतं, म्हणून तासभर वेळ काढायला त्यांना माझ्याकडे पाठवलं. चौतीस माणसं, सगळ्यांच्या डोक्यावर आदल्या दिवशी भेट मिळालेल्या एकसारख्या कानटोप्या. मी सगळ्यांना चहा दिला, वर मुरांबा. बूट दाखवले. हसले, बडबडले. ते गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी अभिप्रायाची वही उघडली तर तिच्यात मी न लिहिलेलं काहीतरी! रशियनमध्येच, पण मोठ्या सुट्या अक्षरांत, परदेशी माणूस जपून लिहील तसं:

"मी पुष्कळ गावं पाहिली. सगळीकडे पुतळे दाखवले. इथे एक बाई आहे. बूट पुसताना ती त्यांच्याशी बोलते. डाव्या पायाच्या एका बुटाला ती सेम्योन म्हणते. ती हसते तेव्हा भट्टीत लाकूड घातलं नाही तरी चालतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. — त. विर्तामो, फिनलंड."

नवरा नोरिल्स्कला कामाला गेला आणि तिकडचाच झाला. तो कोणत्या साली गेला, हे विचारलं तर मला बोटं मोजावी लागतात. पण हे तोंडपाठ! साडेबारा वर्षं!

आणि गंमत म्हणजे चौतिसांतला विर्तामो कोण, हेच मला माहीत नाही. आधी वाटायचं तो उंच, ज्याने तीनदा चहा मागितला. मग वाटायला लागलं, लाल गळपट्टीवाला. सत्त्याऐंशी साली तर माझी खात्रीच झाली होती की कोपऱ्यात गप्प उभा होता तोच. सगळ्यांनाच कानटोप्या! केस कुठल्या रंगाचे होते ते पण दिसले नाहीत मेले.

सेम्योनचं त्याने कधी ऐकलं कोण जाणे. मी माणसांसमोर बुटांशी बोलत नाही. चहाच्या गडबडीत पुटपुटले असेन.

४ जून

संकट! गेनादीने अभिप्रायाची वही मागितली. "बोटीवरच्या गाइडला देऊ. जुन्या परदेशी प्रवाशांचं मत आधी वाचून दाखवलं की नवे आपोआप खूश."

आता इथे खरं लिहायला हरकत नाही, हे पान कोण बघतंय? त्या वहीतला विर्तामो सोडला तर बाकीचे सगळे परदेशी प्रवासी मी आहे.

काय करणार? वरून कागद आला होता: संग्रहालयाने वर्षाला वीस परदेशी अभिप्राय मिळवावेत. बेरेझ्नीत! इथे परदेशी माणूस वाट चुकला तरच यायचा. पण प्लॅन म्हणजे प्लॅन. शहात्तर सालापासून मी दर डिसेंबरला शाळेचा नकाशा उसना आणायची, डोळे मिटून बोट ठेवायची आणि ज्या देशावर बोट पडेल तिथला माणूस भारावून जायचा. कॅनडाची दंतवैद्य बाई. क्यूबाचे ऊसतोड कामगार ("आमच्याकडे थंडी नसल्याचं आज प्रथमच वाईट वाटलं"). आणि एका वर्षी, अगदी शेवटच्या दिवशी, डोळ्यांवर झोप असताना, मंगोलियाच्या खलाशांची तुकडी.

ते पान फाडून टाकावं म्हटलं तर सोय नाही. वहीची सगळी पानं दोऱ्याने ओवलेली, प्रत्येकावर क्रमांक, शेवटी लाखेचा शिक्का, "या वहीत एकशे ब्याण्णव पानं आहेत" म्हणून तीन सह्या. लोकांनी तक्रारीचं पान गायब करू नये म्हणून! कौतुकाचं पान गायब करायची वेळ कुणावर येईल, हे त्यांना कुठून सुचणार?

दिली वही. हसत दिली. 

९ जून

कप्पाळ! जिल्ह्याच्या पेपरात छापलं! 'परदेशी प्रवाशांच्या नजरेतून आपलं बेरेझ्नी' — अर्धं पान. आणि चौकटीत, ठळक अक्षरांत, मंगोलियाचे खलाशी: "सात समुद्र पाहिले, पण असे उबदार बूट कुठल्याच बंदरात दिसले नाहीत."

पेपर एफिम सावेलिचने आणला, खारवलेल्या माशाभोवती गुंडाळून. एफिम सावेलिच म्हणजे आमचा भट्टीवाला. हिवाळ्यात पहाटे पाचला येऊन विटांची भट्टी पेटवतो. उन्हाळ्यात त्याला काहीच काम नसतं, तरी येतो. "चिमणी तपासतो" म्हणतो. एवढी तपासलेली चिमणी अख्ख्या व्होल्गाकाठी नसेल.

त्याने मासा बाजूला ठेवला, चष्मा लावला, सावकाश वाचलं.

"निनेल झाखारोव्ना, एक विचारू का?"

"नका विचारू."

"मंगोलियाला समुद्र कुठल्या बाजूला आहे?"

"माहीत आहे मला! छापून आल्यावर आठवलं!"

"नाही, म्हणजे मी आपलं कौतुकाने विचारतोय. तुकडी म्हणजे बरेच असतील. बोट खांद्यावर घेऊन चालत आले असतील बिचारे."

मी फडकं फेकून मारलं. त्याला कसं कळलं मीच लिहिलं ते? तर म्हणे, "दर डिसेंबरला नकाशा कोण आणून द्यायचं शाळेतून?" खरंच की! तोच आणून द्यायचा! आणि एवढ्या वर्षांत अवाक्षर नाही बोलला, लबाड!

गावात मात्र कुणाच्याच लक्षात आलेलं नाही. बेकरीपुढच्या रांगेत तिघी-चौघींनी अभिनंदन केलं. "खलाशी सुद्धा आले होते? आम्हाला सांगितलं नाहीस!"

१२ जून

माझी मैत्रीण रिम्मा, तिने केस रंगवून दिले. पाकिटावर लिहिलं होतं 'पिकलेलं चेस्टनट'. निघालं बीट. सरळ बीटच! रिम्मा म्हणते, पाकीट नवीन आहे, कंपनी नवीन आहे, देश नवीन आहे, आता कुणाकडे तक्रार करू? दोघी हसून हसून जमिनीवर बसलो.

एफिम सावेलिचने पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग म्हणाला, "चांगलं आहे. धुकं पडलं तरी बोटीला धक्का सापडेल."

१५ जून

आज न राहवून एफिम सावेलिचला विर्तामोचं सांगितलं. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, रिम्मालाही नाही. तो शेड्यूलप्रमाणे चिमणी तपासून खाली आला होता, हात काळे. मी चहा दिला आणि माझं तोंड सुरू झालं ते थांबेचना. अभिप्राय पाठ म्हणून दाखवला. विचारलं, त्या दिवशी तुम्ही होतात ना? उंच होता तो की लाल गळपट्टीवाला?

"मी बाहेर होतो. त्यांच्या ड्रायव्हरबरोबर विडी ओढत."

"म्हणजे काही उपयोग नाही तुमचा!"

"नाही," म्हणाला. मग कपात बघत, "आला तर काय करणार आहात?"

"काय करणार म्हणजे? सांगणार त्याला! की ज्या वर्षी काही म्हणजे काही चांगलं घडलं नाही, त्या वर्षीही मी सकाळी उठून इथे आले, ती त्या सहा ओळींमुळे! माणसाला कळायला नको का आपण काय करून ठेवलंय ते?"

"आणि आलाच नाही तर?"

"अशुभ बोलू नका!"

चहा अर्धा टाकून उठला. शनिवारी मासे धरायला जाणार म्हणे. सत्तर पाहुणे येणार आणि हा मासे धरणार! मी बोलले, चांगलंच बोलले. पंधरा मिनिटं बोलले. त्याने मान खाली घालून ऐकलं आणि मग जाऊन पायरीची मोडकी फळी बदलली, कुणी सांगितलं नसताना. या माणसाचं मला काही समजत नाही.

१९ जून

बटाट्याचे पॅटिस एकशे साठ. मुरांब्याच्या बरण्या नऊ. सेम्योनला घासून पुसून ठेवलंय. झोप? कसली झोप!

२० जून, शनिवार

काय दिवस! काय दिवस!! अक्षर बघा कसं आलंय!

क्रमाने लिहिते. बोट अकराला लागली. एकाहत्तर माणसं! आजोबा, आज्या, दोन पोरं, एक कुत्रा. मी दारात, केस बीटरूट, छातीवर आईचा ब्रोच. एफिम सावेलिच मासे धरायला गेलेला नव्हता. कोपऱ्यात उभा होता, स्वच्छ सदरा घालून, जणू त्याचीच परीक्षा आहे.

गेनादीने स्वागताचं भाषण केलं. मग बोटीवरची गाइड ल्यूदा, पोरीला बिचारीला काय कल्पना, तिने ते पेपरातलं अर्धं पान घेतलं आणि फिनिशमध्ये वाचायला लागली. कॅनडाची दंतवैद्य. ठीक. क्यूबाचे ऊसतोडे. ठीक. आणि मग मी डोळे मिटले.

खलाशी वाचून झाले.   मागून एक आजोबा काहीतरी म्हणाले, अगदी नम्रपणे. ल्यूदा लाल झाली. "ते विचारतायत... मंगोलियाला... नौदल..."

गेनादी म्हणाला, "आहे! उत्तम नौदल आहे!"

मग मात्र हसू फुटलं! आधी एकाला, मग दोघांना, मग सगळ्या खोलीला. आणि त्यात गेनादी गंभीर चेहऱ्याने हात वर करून शांत व्हा, शांत व्हा म्हणतोय. मला काय झालं देव जाणे. साडेबारा वर्षांचं का काय ते एकदम वर आलं. मी स्टुलावर चढले आणि ओरडले:

"मी लिहिलंय! खलाशी मी आहे! दंतवैद्य मी आहे! क्यूबा पण मीच! वरून सांगितलं होतं वीस परदेशी आणा, आणि परदेशी येत नव्हते! तुम्ही का नाही आलात आधी? मी काय करणार होते? बूट मात्र खरे आहेत! हात लावून बघा! हे दोनशे बारा बूट खरे आहेत!"

गेनादी पांढराफटक. ल्यूदाने माझ्याकडे पाहिलं, मी म्हटलं, सांग पोरी, सगळं सांग. तिने सांगितलं.

आणि टाळ्या! अगं बाई, टाळ्या! एक आज्जी रडायला लागली हसून. मग कुणी ऐकतंय? सगळे बुटांवर तुटून पडले. 'इल्या' नावाचा आमचा राक्षसी बूट आहे ना, कारखान्याच्या शंभराव्या वर्षी केलेला, होडीएवढा, त्यात दोन आजोबा शिरले आणि वल्ही मारल्यासारखे हात करत ओरडायला लागले, "मंगोलिया! मंगोलिया!" कुत्र्याने सेम्योनमध्ये तोंड घातलं. पॅटिस संपले. तासाचे सव्वादोन तास झाले, बोट भोंगे वाजवतेय आणि हे ल्यूदाने परत आणलेल्या वहीसमोर रांग लावून उभे! आम्हाला लिहायचंय म्हणे! आमच्या बायका दुकानापुढे लावतात तशी शिस्तीत रांग, "शेवटचं कोण?" विचारत! शिकले कुठे कोण जाणे.

ल्यूदाने जाताना कानात सांगितलं, दर शनिवारी, नक्की. कंपनीचा माणूस बोटीवरच होता. इल्यामध्ये शिरलेला दुसरा आजोबा तोच.

गेनादी जाताना म्हणाला, "मॅडम, ही तुमची कल्पना मी आधीपासून ओळखून होतो." असू दे. बूट वाचले! वाचले!

२१ जून

ल्यूदाने काही अभिप्राय जाता जाता उलट्या बाजूला रशियनमध्ये उतरवून दिले होते. आज शांतपणे वाचले.

"सत्तरच्या दशकात आलो होतो तेव्हा सगळे आम्हाला सांगत होते की सगळं उत्तम आहे. आता सगळे सांगतात की सगळं वाईट आहे. या बाई पहिल्या, ज्यांनी सांगितलं की काय झालं."

"दुकानात साबण नव्हता. पॅटिस मात्र उत्कृष्ट."

"संडासाबद्दल मी लिहिणार नाही, कारण बाई मला आवडल्या."

"माझं नाव लिहीत नाही. मी मंगोलियाचा कप्तान आहे."

साडेबाराशे वेळा हसले असेन. हे खरे! एकही मी लिहिलेला नाही!

काल एक गोष्ट लिहिली नाही. आज लिहिते.

गर्दीत एक म्हातारी होती, आइला नावाची, कानाला यंत्र लावलेली, मोडकं रशियन बोलणारी. माझा हात धरून म्हणाली, "मी इथे आले होते. एकोणऐंशी. कारखाना. कानटोपी."  त्या चौतिसांतली! मी तिला खिडकीशी ओढत नेलं, वहीतलं ते पान उघडलं, विचारलं, विर्तामो. कुठे आहे? जिवंत आहे ना? उंच होता का?

तिने वाचलं. दोनदा वाचलं.

"बाई, मी सचिव होते. यादी मी केली. चौतीस नावं. विर्तामो नाही. आम्ही कुठेच लिहिलं नाही, पुढारी म्हणाला होता तो एकटा सगळ्यांचं लिहील." मग तिने कपाळाला हात लावला. "विर्तामो... ती बस! आमची बस भाड्याची होती. मालकाचं नाव बाजूला, हे एवढं, पिवळ्या अक्षरांत!"

म्हणजे साडेबारा वर्षं मी एका बसवर जीव लावून बसले होते.

हसले मी. मोठ्याने हसले. काय करणार? मी तीनशे माणसं बनवून सरकारला दिली. मला कुणीतरी एक माणूस बनवून दिला. फिटंफाट! पण घरी येऊन आरशासमोर बसले आणि हे बीटाचे केस बघून रडू आलं. रडू आलं ते लिहायलाच हवं, नाहीतर ही वहीसुद्धा तसलीच व्हायची.

२३ जून

दोन दिवस डोक्यात एकच. त्या वर्षी माझे एकोणीस लिहून झाले होते, विसावा सुचत नव्हता. नकाशावर बोट एकदा पेरू देशावर पडायचं, एकदा पाकिस्तानवर, आणि दोन्हीकडच्या माणसाच्या तोंडी काय घालावं कळेना. डोकं टेकून बसले होते. आणि तीन दिवसांत विसावा आपोआप आला, वहीत. वही रात्रीची कुलपात असते. किल्ल्या दोन. एक माझ्याकडे.

सेम्योनचं नाव मी फक्त पहाटे घेते, झाडलोट करताना. तेव्हा इथे कुणी नसतं. भट्टी पेटत असते फक्त.

२४ जून

विचारलं. तो छपरावर होता, चिमणीशी. मी शिडीखाली.

"एफिम सावेलिच, बसवरचं नाव तुम्हाला कुणी वाचून दाखवलं?"

वरून काजळी पडली. पडतच राहिली. मग आवाज: "ड्रायव्हरने."

"म्हणजे प्लॅन पुरा करायला! माझ्यासारखंच! खोटं!"

"एकोणीस तुमचे खोटे, निनेल झाखारोव्ना," तो म्हणाला. "विसावा खरा आहे."

मी शिडी दोन्ही हातांनी धरली. म्हटलं, खाली उतर, एफिम. चहा निवतोय.

'तुम्ही' म्हणायचं राहूनच गेलं.